न लिहिलेला नॉकआउट

बॉक्सरचं एक पुस्तक असतं. पासबुकाएवढं, निळ्या पुठ्ठ्याचं. पहिल्या पानावर फोटो आणि रक्तगट, पुढे प्रत्येक लढतीचा निकाल, शेवटच्या रकान्यात डॉक्टरची सही. डोक्यावर ठोसा बसून खेळाडू पडला तर ते त्यात लिहायचं आणि त्याला निदान महिनाभर रिंगबाहेर ठेवायचं. स्पर्धेत पडला तर डॉक्टर लिहितो. सरावात पडला तरी नियम तोच, पण सरावाला डॉक्टर नसतो, कोच असतो. आणि आमच्याकडे ही पुस्तकं खेळाडूंजवळ राहत नाहीत. ती हरवतात, घामाने भिजतात, ऐन वजनाच्या दिवशी घरी राहतात. म्हणून कोच ती आपल्याच कपाटात ठेवतात. माझ्या कपाटात एके काळी एकतीस पुस्तकं होती.

त्यातल्या एका पुस्तकात मी एक नोंद केली नाही. त्याला अकरा वर्षं झाली. मी आता चौऱ्याहत्तरचा आहे. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नाव घालू नका, बाकी काय ते लिहा." म्हणून कुणाचंच नाव घालत नाही.

मी मुंबईत सरकारी कचेरीत कारकून होतो. तरुणपणी फ्लायवेट या हलक्या वजनगटात खेळलो, पण राज्यापर्यंतही पोचलो नाही. परळची खोली सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आलो, तेव्हा तिथल्या खारी गावात एका मंडळाचा हॉल संध्याकाळी रिकामा असायचा. तिथे मी शिकवायला लागलो आणि बावीस वर्षं शिकवत राहिलो. एवढ्या वर्षांत माझा एकही खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेत गेला नव्हता. हे मी कुणाला बोलून दाखवत नसे, पण रोज मोजत असे.

तो भाईंदरजवळच्या किनाऱ्यावरच्या डोंगरी गावचा, कोळ्याचा मुलगा. धक्क्यावर बर्फाच्या लाद्या वाहायचा. एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा हॉलमध्ये आला तेव्हा काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला. बाकीचे सगळे पन्नास-साठ किलोचे. मी विचारलं, "याआधी कुठे खेळलायस?"

"न्हाय सर. भांडलोय."

सगळे हसले. तोही हसला. त्याचा डावा हात मी त्याच दिवशी पाहिला आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की आपल्याकडे एक हेवीवेट आलाय. ती म्हणाली, "मग आता रोज उशीर होणार."

हेवीवेटची अडचण अशी की त्याला सरावाला जोडीदार मिळत नाही. सगळ्या जिल्ह्यात त्याच्या वजनाचे तीन-चार जण. मग लहान गावातले कोच करतात तेच मी केलं. पंचाहत्तर किलोचे दोघे बाहेरून आणायचे आणि आळीपाळीने एकेक राउंड त्याच्यावर सोडायचे. ते दोघे दर राउंडला ताजे, हा मात्र सलग आत. दम वाढतो असं आम्ही सांगतो. दम वाढतोही. पण पाचव्या-सहाव्या राउंडला मोठ्या माणसाचे हात खाली येतात आणि हलका माणूस तेव्हाच सगळ्यात जोरात मारतो, कारण आधीचे पाच राउंड त्याने मार खाल्लेला असतो.

राज्याच्या निवड चाचणीला सतरा दिवस राहिले होते. हेवीवेटमध्ये चारच नावं होती. दोन लढती जिंकल्या की राष्ट्रीय स्पर्धेचं शिबिर, आणि शिबिराच्या दाखल्यावर खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. त्या संध्याकाळी मी सहा राउंड ठरवले होते. सहावा संपल्यावर म्हणालो, "अजून एक." सातव्यात डावा हूक, कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, त्याच्या कानाखाली बसला. हेडगार्ड होतं, तरी तो लाकडासारखा मागे पडला. पडल्यावर त्याचे दोन्ही हात कोपरात वाकून हवेत ताठ राहिले, कुणीतरी वरून धरून ठेवल्यासारखे. ज्याने ते एकदा पाहिलंय त्याला कळतं की मार मेंदूला बसलाय. मला कळलं.

तो उठून बसला तेव्हा म्हणाला, "सर, वजन झालं काय माझं?"

मी म्हटलं, "कसलं वजन? आपल्या हॉलवर आहेस तू, सराव चाललाय."

"बरं." थोडं थांबून पुन्हा, "सर, वजन झालं काय माझं?"

असं त्याने चार वेळा विचारलं. ते दोघे हसले. मीही हसलो. मग मी म्हणालो, "मॅटवर घाम सांडलाय, पाय घसरला याचा. पुसून घ्या." ज्याचा ठोसा बसला होता त्यानेच पोचा आणला आणि मॅट पुसली. मॅट कोरडी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी कपाटाकडे गेलो, त्याने पुसणं चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. डोकं दुखतंय म्हणाला. मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

पुस्तकात दुखापतीची एकही नोंद नव्हती, त्यामुळे चाचणीच्या डॉक्टरने मान वर करूनही पाहिलं नाही. "काही त्रास?" एवढंच विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "फिट आहे." शिक्का बसला.

पहिल्याच लढतीत, दुसऱ्या राउंडला समोरच्याचा एक साधा जॅब त्याच्या कपाळावर लागला. तसले जॅब तो दिवसाला पन्नास खायचा. त्याने सावकाश एक गुडघा टेकला. रेफ्री मोजू लागला. तो माझ्याकडे बघत होता. डोळे उघडे, तोंड उघडं. आठ झाले, नऊ झाले, दहा झाले. मग आपणहून उठला आणि चालत कॉर्नरला आला. मागून कुणीतरी ओरडलं, "खुर्ची द्या रे त्याला."

"सर, उठता येईना," तो म्हणाला.

"उठता येईना की उठायचं नव्हतं?"

हे मी म्हटलं. अकरा वर्षांत हे वाक्य मी मनात किती वेळा ऐकलंय ते सांगता येणार नाही.

निवड समितीने माझ्याकडे लेखी अहवाल मागितला, कारण एवढ्या हलक्या ठोशावर बसलेला हेवीवेट त्यांनी पाहिला नव्हता. डोक्याचा त्रास लिहिला असता तर डॉक्टरने चौकशी केली असती, सरावातल्या त्या दोघांना बोलावलं असतं, आणि कोरड्या मॅटची गोष्ट बाहेर आली असती. माझं अक्षर चांगलं आहे. मी चांगल्या अक्षरात लिहिलं की खेळाडूचं मनोबल कमी आहे, तो दबावाखाली टिकत नाही, पुढील शिबिरासाठी शिफारस करता येत नाही. खाली सही केली, तारीख घातली.

त्यानंतर तो दोन वर्षं येत राहिला. एकदा गुणांवर हरला, एकदा खांदा निखळला. धक्क्यावर लोक त्याला लांबून बघून गुडघा टेकून दाखवायचे. मग तो यायचा बंद झाला. मीरा रोडला एका लग्नाच्या हॉलच्या दारावर रखवालीला उभा राहतो असं कळलं. मी तिथल्या एका लग्नाचं आमंत्रण आलं असताना गेलो नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी त्याने माझी बेल वाजवली. तीन जिने चढून आला होता, धापा टाकत होता. माझ्या खुर्चीत मावेना म्हणून पलंगाच्या कडेला बसला. बायकोच्या फोटोला नमस्कार केला, ती गेल्याचं त्याला आत्ता कळलं.

"सर, परत उतरायचंय."

"कुठे?"

"रिंगमध्ये. अजून कुठं?"

"वय काय तुझं?"

"तेहतीस. चाळीसपर्यंत चालतं, विचारून आलोय."

"आणि वजन?"

"ते नका विचारू," तो हसला. "एकच लढत सर. जिल्ह्याची चाचणी फेब्रुवारीत हाय. हरलो तरी चालंल. पन तिन्ही राउंड लढायचं आनि शेवटची घंटा उभ्याने ऐकायची. बसलो न्हाय, एवढं दिसलं पायजे लोकांना." मग म्हणाला, "माझं पुस्तक तुमच्याकडंच हाय ना?"

होतं. मी काढून दिलं नाही. चहा केला आणि म्हटलं, उद्या सकाळी सहाला हॉलवर ये.

अडीच महिने आम्ही राबलो. तो दारावरची ड्युटी संपवून तसाच यायचा, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगायचो. रविवारी घोडबंदरच्या किल्ल्याकडचा चढ धावायचा, मी रिक्षातून मागे. रिक्षावाला एकदा म्हणाला, "अंकल, पैलवान को भी बिठा लो, बेचारा कब से पीछा छुड़ा रहा है आपसे." तो पुढून धावताधावता म्हणाला, "छूटेगा नहीं भाई, ये सर है."

वजन उतरत गेलं. डावा हात परत आला. मी धरलेल्या पॅडवर तो हात लागला की माझ्या मनगटात कळ जायची, आणि मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी पुन्हा आशा करू लागलो होतो. तीच आशा, जिच्यापायी हे सगळं झालं होतं.

पण मी त्याच्याकडे बघतही होतो. एकदा त्याने डाव्या हाताला पट्टी बांधली, मग दुसरी पट्टी घेऊन तीही डाव्याच हाताला बांधायला लागला. एकदा घरी जाताना दाराशी थांबला आणि विचारलं, "सर, मी ग्लोव्हज काढले ना?" ग्लोव्हज त्याच्या काखेत होते. विचारलं की म्हणायचा, "रातपाळी हाय, झोप होत न्हाय." होतही असेल तसं. मला ते मानायचं होतं.

जानेवारीच्या मध्यावर सराव पुढच्या टप्प्यावर आला. आता त्याच्यासमोर माणूस उभा करायला हवा होता. त्याने स्वतःच दोघांशी बोलून ठेवलं होतं. "पंचाहत्तरवाले हायत सर, आळीपाळीने. तुमचीच पद्धत." तो हे कौतुकाने म्हणाला. त्या दिवशी मी त्याला हॉलच्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. हूक, ताठ झालेले हात, चार वेळा विचारलेला प्रश्न, पोचा, पुस्तक, अहवाल. अहवालातली वाक्यं जशीच्या तशी सांगितली, ती मला पाठ होती.

तो बराच वेळ पट्टी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी घाबरलो न्हवतो?"

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. हात उचलेल असंही वाटलं होतं. हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "डोक्याला मार होता. कुणीच उठलं नसतं."

"आई विचारायची, काय झालं व्हतं रे तवा? मी सांगायचो, घाबरलो. मला बी तसंच वाटायचं. आठवतच न्हाय तर दुसरं काय वाटनार? तुम्ही बोललात, उठायचं नव्हतं. मी म्हटलं सरांना दिसलं असंल."

मग तो उठून आत गेला आणि बॅगवर मारत राहिला. मी पायरीवरच बसून होतो. बाहेर आला तेव्हा शांत होता.

"हे पुस्तकात लिहिनार काय आता?"

"लिहायला हवं. डॉक्टरांनी बघायला हवं."

"आनि त्यांनी न्हाय म्हटलं तर?"

मी पायरीवरून उठलो.

"सर, तवा तुम्ही तुमच्यासाठी लिहिलं न्हाय. आता माझ्यासाठी लिहू नका. एक लढत. नऊ मिनिटं."

दोन दिवस मी पुस्तक टेबलावर ठेवून बसलो. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्याकडून मी जे घेतलं होतं ते त्याला परत मिळवायचा हा एकच रस्ता त्याला दिसत होता, आणि तो मीच बंद करणार होतो. लिहिलं नाही तर मला त्याची माफी मिळाली असती, हेही मला दिसत होतं. तेच मला नको वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ती नोंद केली. सरावात डोक्यावर ठोसा, शुद्ध हरपली, स्मृती गेली, नियमाप्रमाणे विश्रांती दिली नाही. खाली माझं नाव. या वेळी अक्षर चांगलं आलं नाही.

वैद्यकीय तपासणीला मी पुस्तक त्याच्या हाती न देता डॉक्टर बाईंच्या हाती दिलं. तो शेजारीच उभा होता. त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"हे आत्ता लिहिलंय?"

"हो."

"कोच तुम्हीच होता?"

"हो."

त्यांनी त्याला एका रेषेवर टाचेला टाच लावून चालायला सांगितलं. पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. त्याला दोन आठवले. तिसऱ्यासाठी तो माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा मी मान खाली घातली. मग मेंदूची तपासणी झाली, दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं. बाई त्याच्याशी नीट, सावकाश बोलल्या. पुढे डोक्याला एकही ठोसा नको, सरावातही नको, असं त्या म्हणाल्या आणि शेवटच्या रकान्यात तसं लिहिलं. औषधं आहेत, झोप लागते तेवढी घ्या, रातपाळी सोडा.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "झालं तुमचं?"

मी म्हटलं, "झालं."

"मग मी आता सकाळी सहाला काय करू?"

मी रिक्षाला हात केला.

रिक्षात आम्ही शेजारी बसलो होतो. काशीमीऱ्याच्या सिग्नलला त्याने फोन काढला. "आई, ऐक. त्या लढतीला मी घाबरलो न्हवतो... न्हाय, आजारी व्हतो... मास्तर सांगतायत... हायत ना, इथंच हायत." त्याने फोन माझ्याकडे दिला.

त्याची आई म्हणाली, "मास्तर, इतकी वर्सं कुटं व्हतास?"

मी सांगायला लागलो तर तिने मला मध्येच तोडलं. "फोनवर न्हाय. हितं ये. ज्यांनी माज्या पोराला गुडगे टेकून दावले त्यांच्यासमोर सांग."

समितीला मी लेखी कळवलं होतं. पूर्वीचा अहवाल खोटा होता, तो मागे घेतो, असं लिहिलं होतं. उत्तर आलं की जुनी कागदपत्रं उपलब्ध नाहीत, सबब मागे घेण्यासारखं काही नाही. तेव्हा हे सांगायला डोंगरीशिवाय दुसरी जागा उरली नव्हती.

रविवारी सकाळी बसने गेलो. देवळासमोरच्या ओट्यावर आठ-दहा माणसं होती. आई उभीच राहिली, कमरेवर हात ठेवून. तो मागे भिंतीला टेकून. मी सगळं सांगितलं, पायरीवर सांगितलं होतं तसंच. मध्ये एकाचा फोन वाजला, तो बोलून आला आणि शेजाऱ्याला विचारू लागला, "कोनाचं चाललंय?"

मी थांबल्यावर एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे ह्यो आता लढनार न्हाय?"

"नाही."

"मंग आता सांगून काय?"

दुसरा जरा ओशाळून म्हणाला, "आमी मस्करी करायचो मास्तर. ती बी कवाच इसरलो." ते खरं असावं. त्यांनी ते टाकून दिलं होतं. ते वाहत होतो आम्ही दोघेच, आणि त्याची आई.

तिने मात्र त्या म्हाताऱ्याला सुनावलं. "तू इसरलास. माजा पोर जेवन टाकून उटायचा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चा घे आनि जा."

तो मला थांब्यापर्यंत सोडायला आला. ऊन चढलं होतं. मी बाकावर बसलो, तो उभा राहिला.

मग म्हणाला, "सर, तो ठोसा कसा व्हता?"

"कुठला?"

"सरावातला. मला आठवत न्हाय. चांगला व्हता का?"

"चांगला होता," मी म्हटलं. "डावा हूक. आखूड."

"माजा हात कुठं व्हता?"

"खाली. छातीपाशी. तू दमला होतास."

"कितवा राउंड?"

"सातवा. सहा ठरले होते. मी एक वाढवला."

त्याने मान डोलावली. बस आली, थांबली. ड्रायव्हरने वाट पाहिली आणि बस निघून गेली. तो बाकावर माझ्या शेजारी बसला. "पयल्यापासून सांगा," तो म्हणाला. "मी आत आलो तवापासून. काय बोललो, कोन हसलं, सगलं. ती संध्याकाळ माझ्याकडं न्हाय."

मी पहिल्या राउंडपासून सांगायला लागलो. पहिल्यात त्याने उजव्या हाताने दोनदा बरगडीत मारलं होतं आणि समोरचा म्हणाला होता, हळू रे, लाद्या न्हायत या. हे ऐकून तो थोडा हसला. दुसऱ्या राउंडचं मला तितकं नीट आठवेना, तसं मी सांगितलं, आणि तिसऱ्याकडे गेलो.